राजधानी पळवणारे नऊ लंबू आमदार

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की या सदरातल्या प्रश्नांची जातच बदलते. एरवी संत्र्याच्या झाडावरची डिंक्या नाहीतर सातबारा फेरफार, आणि डिसेंबर आला की सगळ्यांना विधानसभा आठवते. सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, रवी भवनासमोर गाड्यांची रांग, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला, त्यामुळे साहजिकच आहे म्हणा. पण यंदा पहिल्याच पत्राने आम्हाला थेट अमेरिकेत नेऊन सोडलं आणि मग त्याच्या मागोमाग पत्रं येत गेली, म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न (महालातून): भाऊ, आमच्याकडे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जोरदार वाद झाला. एक जण म्हणे की अब्राहम लिंकन आधी साधा आमदार होता, आणि त्याने म्हणे एका गावाची राजधानी उचलून आपल्या गावात आणली. हे खरं आहे का व्हॉट्सअॅप विद्यापीठाचं? आपल्याला नागपूरची राजधानी गेल्याचं माहीत आहे, कोणी आणल्याचं ऐकलं नव्हतं.

उत्तर: खरं आहे भाऊ, आणि ठेल्यावर ऐकलं त्यापेक्षा जास्तच मजेशीर आहे. फक्त एकट्या लिंकनने आणली नाही, नऊ जणांनी मिळून आणली.

इलिनॉय नावाचं राज्य. १८१८ मध्ये अमेरिकेत सामील झालं तेव्हा राजधानी मिसिसिपी नदीच्या बाजूला कॅस्कॅस्किया गावात होती, मग १८२० मध्ये ती वँडेलियाला हलवली, आणि कायद्यातच लिहून ठेवलं की वीस वर्षं इथेच राहील. म्हणजे १८३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की मुदत संपत आलीय आणि आता जो जोर लावेल त्याची राजधानी. १८३४ मध्ये लोकांचा कौल पण घेतला होता, त्यात ऑल्टन पहिलं, वँडेलिया दुसरं आणि स्प्रिंगफील्ड तिसरं आलं. हे लक्षात ठेवा, जनतेने स्प्रिंगफील्डला तिसऱ्या नंबरवर टाकलं होतं. पण ऑल्टनचं मताधिक्य इतकं किरकोळ होतं की त्या कौलाला कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

डिसेंबर १८३६ मध्ये वँडेलियाला अधिवेशन भरलं, इलिनॉयचं दहावं विधिमंडळ. स्प्रिंगफील्ड ज्या सँगमन काउंटीत येतं तिची लोकसंख्या भरपूर, त्यामुळे तिथून सात जण खालच्या सभागृहात आणि दोन सिनेटमध्ये, असे नऊ निवडून आलेले. लिंकन, निनियन एडवर्ड्स, डॅन स्टोन, जॉन डॉसन, विल्यम एल्किन, अँड्र्यू मॅककॉर्मिक, रॉबर्ट विल्सन, आणि सिनेटर आर्चर हर्नडन आणि जोब फ्लेचर. योगायोग असा की हे सगळे उंचच उंच, नऊ जणांची उंची मिळून ५४ फूट भरते असं म्हणायचे, म्हणजे सरासरी सहा फूट, त्यात लिंकन सहा फूट चार इंच. म्हणून त्यांचं नावच पडलं 'लाँग नाइन'. लिंकनचं वय तेव्हा २७, आमदारकीची दुसरी टर्म (पहिल्यांदा १८३२ मध्ये उभा राहिला होता तो पडला, १८३४ मध्ये आला), वकिली अजून सुरू व्हायची होती.

वँडेलियाचे लोक काही झोपलेले नव्हते. राजधानी जाणार असा वास आला तेव्हा त्यांनी १८३६च्या उन्हाळ्यात घाईघाईने नवीन विटांचं विधानभवन उभं केलं, सोळा हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. हेतू हा की एवढं नवं कोरं भवन बघून आमदार हलायचं नाव काढणार नाहीत. पण घाईत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, अधिवेशन सुरू झालं तेव्हा भिंतींचं प्लास्टर अजून ओलंच होतं. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पीडब्ल्यूडीची रंगरंगोटी बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. राजधानी हलवायचं विधेयक सोपं नव्हतं, कारण प्रत्येक गावाला वाटत होतं आपणच का नाही. एकदा तर ते एका मताच्या फरकाने बाजूला टाकलं गेलं, बहुतेकांनी धरलं की संपलं. या नवांपैकी रॉबर्ट विल्सनने नंतर लिहून ठेवलंय की अशा वेळी बाकीचे हातपाय गाळून बसले पण लिंकनने नाही, त्याने सगळ्यांना आपल्या खोलीवर बोलावलं आणि प्रत्येकाला कामं वाटून दिली, तू अमक्याला गाठ, तू तमक्याला. दुसऱ्या दिवशी विधेयक परत चर्चेला आलं आणि यावेळी पास झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर सभागृहात भाषणं ठोकणारे वेगळे आणि रात्री लॉबीत मतं जमवणारे वेगळे, आणि नुकताच अठ्ठावीसचा झालेला हा पोरगा दुसऱ्या प्रकारात पक्का तयार झाला होता.

२८ फेब्रुवारी १८३७ला दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून गाव निवडायचं मतदान केलं. पहिल्या फेरीत स्प्रिंगफील्डला ३५ मतं, बहुमत नाही. बाकीची मतं वँडेलिया, ऑल्टन, जॅक्सनव्हिल, पिओरिया अशी विखुरलेली. इथेच सगळी गंमत आहे, कारण स्प्रिंगफील्डच्या विरोधात मतं भरपूर होती पण ती एका गावाच्या मागे उभी राहायला तयार नव्हती, आणि स्प्रिंगफील्डचे नऊ जण मात्र एक गठ्ठा. चौथ्या फेरीत ७३ मतं आणि राजधानी स्प्रिंगफील्डची. विदर्भातले बासष्ट आमदार एका मुद्द्यावर शेवटचे कधी एका गठ्ठ्यात दिसले ते तुम्हीच आठवून बघा, मी काही बोलत नाही.

आणि मग पार्टी! याचं बिल लोकांनी जपून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. वँडेलियातल्याच एका खानावळीत (ज्या गावाची राजधानी घेतली त्याच गावात, बघा हिंमत) बाकीच्या आमदारांना जेवायला बोलावलं. शॅम्पेनच्या ८१ बाटल्या, दोन डॉलरला एक, म्हणजे १६२ डॉलर नुसत्या शॅम्पेनचे, मग बदाम, मनुका, सफरचंदं, ऑयस्टर म्हणजे शिंपले, दहा डॉलरचे सिगार, आणि एक ओळ अशी की तुटफुटीचे दोन डॉलर. एकूण २२३ डॉलर ५० सेंट. बिल निनियन एडवर्ड्सच्या नावावर, घरचा सधन माणूस, वडील तिथले गव्हर्नर राहिलेले. तुटफुटीचे दोन डॉलर लावायला खानावळवाला विसरला नाही हे मला फार आवडलं.

प्रश्न (धरमपेठेतून): लिंकनला आपण देवमाणूस समजतो. तुमचं म्हणणं काय, की त्याने राजधानीसाठी सौदेबाजी केली? बदल्यात काय दिलं?

उत्तर: सौदेबाजी केली असा आरोप त्याच्या तोंडावर झाला, आणि तोही लगेचच. जुलै १८३७ मध्ये खास अधिवेशन भरलं तेव्हा वँडेलियाच्या बाजूचे विल्यम ली डेव्हिडसन एविंग उभे राहिले आणि म्हणाले की स्प्रिंगफील्डवाल्यांनी विकासकामांच्या विधेयकाला मतं विकली आणि राजधानी विकत घेतली. लिंकनने असं झणझणीत उत्तर दिलं की द्वंद्वयुद्धाची वेळ आली होती, मित्रांनी मध्ये पडून मिटवलं.

ते विधेयक कोणतं ते समजून घ्या कारण खरा मसाला त्यातच आहे. राजधानीच्या मतदानाच्या एकच दिवस आधी, २७ फेब्रुवारीला, इलिनॉयने अंतर्गत सुधारणांचा कायदा पक्का केला. सुमारे एक कोटी डॉलरचं कर्ज काढून रेल्वे, नद्यांची दुरुस्ती, रस्ते. राज्याची लोकसंख्या १८४० मध्ये जेमतेम पावणेपाच लाख, त्यात बहुतेक नवीन आलेले शेतकरी, आणि कर्ज एक कोटीचं. उत्तर-दक्षिण एक लांब रेल्वे, तिला कापत आडव्या रेल्वे, नकाशावर बघितलं तर राज्यभर रुळांचं जाळं. आणि ज्या काउंट्यांच्या वाट्याला रेल्वेही नाही आणि कालवाही नाही त्यांना गप्प बसवायला दोन लाख डॉलर रोख वाटून द्यायची तरतूद. पंगतीत एकही पान रिकामं राहू द्यायचं नाही असा तो कायदा होता, म्हणून तर मतं मिळाली.

गव्हर्नर जोसेफ डंकनना हे पसंत नव्हतं, तरीही पास झालं. आणि एक कलम तर डोक्याला हात लावण्यासारखं, सगळ्या रेल्वेंचं काम एकाच वेळी सुरू करायचं, प्रत्येक मोठ्या गावापासून आणि नदीच्या पुलापासून दोन्ही दिशांना. कारण काय तर आमचं आधी की तुमचं आधी हे भांडण नको. म्हणजे मतदारसंघ सगळे खूश, पण एकही लाइन पूर्ण होणार नाही याची कायद्यातच सोय करून ठेवली. रस्ता अर्धा, उड्डाणपूल अर्धा, आणि कोनशिला मात्र चकचकीत, हे नागपूरकराला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

झालं, मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी सोन्या-चांदीत पैसे द्यायचं थांबवलं, देशभर मंदी आली. दुष्काळात तेरावा महिना. काम कसंबसं रेटलं, आणि शेवटी हातात काय आलं तर मेरेडोशिया ते स्प्रिंगफील्ड एक रेल्वे, ती १८४२ मध्ये स्प्रिंगफील्डला पोचली. तिचं इंजिन मोडकळीला आल्यावर डबे खेचरं ओढायची, आणि १८४७ मध्ये राज्याने ती आख्खी लाइन २१,१०० डॉलरला फुंकून टाकली. इतर ठिकाणी मातीचे भराव तेवढे उरले. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याला कर्जाचं व्याज देणंही जमेना, हप्ते थकले. हे कर्ज पूर्ण फिटलं १८८०च्या दशकात. ज्यांनी हात वर करून मतं दिली त्यातले बहुतेक तोवर स्वर्गवासी झालेले. आणि १८४८ मध्ये नवीन राज्यघटना केली तेव्हा तोंड पोळलेल्या लोकांनी लिहून टाकलं की तुटीसाठी राज्याने पन्नास हजार डॉलरच्या वर कर्ज काढायचं नाही, एक कोटीवरून थेट पन्नास हजारावर.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. सौदा झाला का? थॉमस फोर्ड म्हणून पुढे गव्हर्नर झालेले, त्यांनी इतिहास लिहिताना लाँग नाइनवर हेच खापर फोडलं. नंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी रोलकॉल काढून एकेका आमदाराचं मत तपासलं, तर अगदी 'हे दिलं आणि ते घेतलं' असं सरळ गणित बसत नाही, कारण विकासकामांच्या बाजूने मत देणाऱ्यांतल्या अनेकांनी राजधानीला विरोध केला होता. माझं मत विचाराल तर लेखी सौदा नसेलही, पण नऊ मतं एकगठ्ठा हातात असलेला माणूस दहा गावांच्या आमदारांशी बोलतो तेव्हा सगळं बोलून दाखवायची गरज नसते. शिवाय लिंकन त्या विकासकामांच्या बाजूने होता तो मनापासून होता, न्यूयॉर्कचा एरी कालवा बांधणाऱ्या डेविट क्लिंटनसारखं नाव इलिनॉयमध्ये आपलं व्हावं अशी त्याची इच्छा होती. सगळं कोसळल्यावरही बरीच वर्षं तो म्हणत राहिला की अर्धवट सोडू नका. म्हणजे देवमाणूस वगैरे नंतर, आधी आपल्या भागाचं घोडं पुढे दामटणारा, कर्जाचा फार विचार न करणारा तरुण आमदार. मला तरी तो असाच जास्त खरा वाटतो.

प्रश्न (सोमलवाड्यातून): आमदार निवासात रूम नाही भेटली तर कार्यकर्ते कुठंकुठं गाद्या टाकतात ते आम्ही दरवर्षी बघतो. तिथे आमदारांची सोय काय असायची? भत्ता वगैरे? आणि त्या काळात आपल्या नागपुरात काय चालू होतं?

उत्तर: आमदार निवास वगैरे काही नाही हो. खानावळी आणि भाड्याच्या खोल्या, त्याही वाटून घ्यायच्या. भत्ता बसलेल्या दिवसांप्रमाणे रोजंदारीने मिळायचा आणि प्रवासाचा मैलाप्रमाणे. लिंकन पहिल्यांदा १८३४ मध्ये अधिवेशनाला निघाला तेव्हा अंगावर घालायला धड कपडे नव्हते, ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातले ६० डॉलर खर्च करून सूट शिवला. आपल्याकडे अधिवेशनाआधी कडक जॅकेट शिवायला टाकणारे आहेतच, फक्त उसने पैसे घेऊन शिवणारा सापडणं कठीण.

राजधानी जिंकून दिल्यावर एप्रिल १८३७ मध्ये हाच माणूस उसन्या घोड्यावर, दोन खोगीर-पिशव्यांत मावेल एवढं सामान घेऊन स्प्रिंगफील्डला राहायला आला. जोशुआ स्पीडच्या दुकानात गादी-उशी-पांघरुणाचा भाव विचारला, १७ डॉलर, तेवढेही खिशात नव्हते. म्हणाला ख्रिसमसपर्यंत उधार द्या, वकिली चालली तर देईन. स्पीडला दया आली, म्हणाला वर माझा पलंग मोठा आहे, तिथेच रहा. लिंकन पिशव्या उचलून वर गेला, ठेवून खाली आला आणि म्हणाला, झालं, राहायला आलो. पुढे चार वर्षं तिथेच.

नागपुरात तेव्हा तिसरे रघूजी भोसले गादीवर होते, आणि सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला. १८५३ मध्ये रघूजी वारले, दुसऱ्या वर्षी राज्य खालसा, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पण कायदेमंडळ म्हणाल तर ते आपल्याकडे आलं १९१४ मध्ये. म्हणजे स्प्रिंगफील्डचे लोक राजधानीसाठी भांडत होते तेव्हा आपल्याकडे मतदान हा प्रकारच नव्हता, आणि ज्या लोकशाहीचं कौतुक चाललंय तिथेही गोऱ्या पुरुषांनाच मत होतं हे पण सांगून ठेवतो.

प्रश्न (इंदोऱ्यातून, एका वाचक ताईंचं पत्र): राजधानी, पार्टी, रेल्वे सगळं वाचू, पण त्या अधिवेशनात गुलामगिरीवर कोणी तोंड उघडलं की नाही? की लिंकन तेव्हा गप्प होता?

उत्तर: ताई, हा प्रश्न आल्याशिवाय हा अंक पुरा झाला नसता.

गप्प नव्हता, पण केव्हा बोलला ते बघण्यासारखं आहे. दक्षिणेतल्या राज्यांकडून उत्तरेतल्या राज्यांना पत्रं आली होती की गुलामगिरी संपवा म्हणणाऱ्यांच्या संघटनांना आवर घाला. जानेवारी १८३७ मध्ये इलिनॉयच्या सभागृहाने ठराव केला, त्यात या संघटनांचा निषेध आणि गुलाम राखण्याचा दक्षिणेतल्या राज्यांचा हक्क पवित्र आहे वगैरे भाषा. बाजूने ७७, विरोधात ६. इलिनॉय म्हणजे गुलामगिरी नसलेलं राज्य बरं का, तरी ७७! बहुसंख्य वस्ती केंटकी, टेनेसीकडून आलेली, काळ्या माणसांविषयी तिथलेच पूर्वग्रह घेऊन आलेली. त्या सहांत लिंकन होता आणि डॅन स्टोन होता.

मग सहा आठवडे शांतता. २८ फेब्रुवारीला राजधानीचं मतदान आटोपलं, आणि ३ मार्चला या दोघांनी लेखी निषेध सभागृहाच्या कामकाजात नोंदवला. त्यात म्हटलं की गुलामगिरीचा पाया अन्याय आणि चुकीचं धोरण या दोन्हींवर आहे, पण सोबत हेही म्हटलं की तात्काळ मुक्तीचा प्रचार केल्याने दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, आणि संसदेला राज्यांच्या आत हात घालायचा अधिकार नाही, देशाची राजधानी असलेल्या वॉशिंग्टनच्या जिल्ह्यात तो अधिकार आहे पण तोही तिथल्या लोकांनी मागणी केल्यावरच वापरावा. सही करायला फक्त दोघे. त्यातला स्टोन न्यायाधीश व्हायच्या वाटेवर होता, त्याला परत मतं मागायला जायचं नव्हतं. लिंकनला जायचं होतं.

तुम्ही म्हणाल की आधी राजधानी पदरात पाडून घेतली आणि मग तत्त्व काढलं. बरोबर आहे, क्रम तोच होता. त्या सहा आठवड्यांत हा कागद बाहेर आला असता तर दक्षिण इलिनॉयची किती मतं गेली असती हे त्याला नीट कळत होतं. ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांच्या बाजूने बघितलं तर हे थांबणं चांगलं दिसत नाही, आणि त्या निषेधातली भाषाही आज वाचताना हातचं राखून लिहिलेली वाटते. पण ७७ विरुद्ध ६च्या सभागृहात आपलं नाव खाली लिहून 'अन्याय' हा शब्द रेकॉर्डवर आणायचा हेही दुसऱ्या कोणाला जमलं नाही, हे पण मान्य करायला पाहिजे. १८६० मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभा राहिला तेव्हा आपली माहिती देताना त्याने हाच निषेध पुढे केला आणि म्हटलं की तेव्हाची माझी भूमिका, जेवढी आहे तेवढी, आजही तीच आहे.

आणि तो काळ किती वाईट होता त्याचा अंदाज घ्यायचा तर त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ऑल्टनमध्ये, जनतेच्या कौलात पहिलं आलेलं तेच ऑल्टन, एलायजा लव्हजॉय नावाच्या संपादकाला जमावाने गोळ्या घालून मारलं. गुन्हा एवढाच की गुलामगिरीविरुद्ध छापत होता. त्याचे छापखाने आधी तीनदा मोडून टाकले होते, तरी त्याने चौथा आणला होता.

प्रश्न (काटोल रोडवरून): ज्या गावाची राजधानी गेली त्या वँडेलियाचं पुढे काय झालं? आणि नवीन राजधानीवाल्यांचं खरंच भलं झालं का? आमच्या आजोबांनी १९५६ बघितलंय म्हणून विचारतो.

उत्तर: वँडेलिया पार ओसाड वगैरे पडलं नाही. पूर्वेकडून येणारा नॅशनल रोड नावाचा मोठा सरकारी रस्ता वँडेलियापर्यंतच आला होता, त्यामुळे वाटेवरचं गाव म्हणून टिकलं. ओल्या प्लास्टरचं ते विधानभवन आजही उभं आहे, लोक तिकडे फिरायला जातात. पण १८३९ मध्ये सरकारी कचेऱ्या निघून गेल्या त्या गेल्याच, आणि तिथे नागपूर करारासारखं काही झालं नाही. आपल्याकडे १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली तरी १९५३च्या कराराच्या जोरावर वर्षाला एक अधिवेशन नागपुरात राहिलं, मग ते दोन आठवड्यांचं का होईना. वँडेलियाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. दोन आठवडे पुरे आहेत का हा वेगळा विषय, त्यावर पत्रं पाठवू नका, गोणीभर पडलीत.

स्प्रिंगफील्डला राजधानी फुकट मिळाली नाही. कायद्यातच अट होती की गावाने ५० हजार डॉलर आणि जागा द्यायची. मंदी आल्यावर गावकऱ्यांना ते पैसे जड गेले, शेवटच्या हप्त्यासाठी शंभरेक लोकांनी मिळून बँकेच्या कर्जाच्या कागदावर सह्या केल्या, त्यात लिंकनची पण सही आहे, आणि ते फिटायला बरीच वर्षं गेली. ४ जुलै १८३७ला नव्या विधानभवनाची कोनशिला बसली आणि बांधकाम पूर्ण व्हायला १८५३ साल उजाडलं. त्याच इमारतीत १८५८ मध्ये लिंकनने आपसात फुटलेलं घर टिकत नाही हे भाषण केलं, आणि मे १८६५ मध्ये त्याचं पार्थिव लोकांच्या दर्शनाला ठेवलं तेही तिथेच.

प्रश्न (एका कॉलेजच्या विद्यार्थ्याकडून, पत्ता दिलेला नाही): सर, लिंकनने म्हणे विधानसभेच्या खिडकीतून उडी मारली होती. हे परीक्षेत येईल का?

उत्तर: परीक्षेत येणार नाही, पण घडलं खरं. ५ डिसेंबर १८४०, स्प्रिंगफील्ड. नवं विधानभवन तयार नव्हतं म्हणून सभागृह एका चर्चमध्ये बसत होतं. भानगड स्टेट बँकेची. बँकेने नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं होतं आणि ती सवलत अधिवेशन संपेपर्यंतच होती. डेमोक्रॅट पक्षाला अधिवेशन लगेच गुंडाळून बँकेची कोंडी करायची होती, लिंकनच्या व्हिग पक्षाला बँक वाचवायची होती. मग व्हिगांनी ठरवलं की सभागृहात जायचंच नाही, कोरमला दोन तृतीयांश लागतात, ते भरणारच नाहीत. आपल्याकडे सभात्याग करून पायऱ्यांवर फोटो काढतात तसा तो नव्हता, त्यांना खरोखर कामकाज अडवायचं होतं.

लिंकन आणि दोघे, जोसेफ गिलेस्पी आणि असाहेल ग्रिडली, लक्ष ठेवायला आणि मतविभागणी मागायला आत थांबले. इकडे डेमोक्रॅटांनी आजारी आमदारांना पण अंथरुणातून उठवून आणलं. लिंकनच्या लक्षात आलं की आता कोरम भरतोय आणि तो आपल्यामुळे भरतोय, दाराकडे धावला तर दार बंद. मग खिडकी उघडली आणि तिघांनी बाहेर उड्या मारल्या. उपयोग शून्य, कारण हजेरी आधीच लागली होती, तिघेही मोजले गेले होते आणि अधिवेशन संपलं ते संपलंच.

विरोधी बाजूच्या वर्तमानपत्राने मग जी खेचली ती अशी, की लिंकनला काही इजा झाली नाही कारण त्याचे पाय खिडकीतूनच जवळजवळ जमिनीला टेकत होते, आणि तरीही नव्या विधानभवनाला आणखी एक मजला चढवून सभागृह तिसऱ्या मजल्यावर न्यावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंकनला पाइपवरून उतरावं लागेल.